जळक्या कोपऱ्याचं पत्र

माले, ता. मुळशी
९ जानेवारी १९६१

सप्रेम नमस्कार.

नवऱ्याला मायना काय लिहावा हे शाळेत शिकवलं नाही आणि सासूबाईंना विचारायची सोय नाही, म्हणून नुसता नमस्कार. आम्ही सगळी खुशाल. कलकत्त्यात तुम्हाला दोन्ही वेळा भात मिळतो म्हणे. पण आपल्या आंबेमोहराचा वास त्याला येत नसणार, तेवढंच माझं समाधान.

दिवाळीत पाठवलेलं भिंग रोज कामी येतं. ओरखडा पडला म्हणून तुमच्या प्रोफेसरांनी नापास केलेलं ते भिंग डोळ्याला लावून सासूबाई तांदूळ निवडतात आणि मला खडा दिसला नाही की मलाच टोमणा मारतात.

तुम्ही विद्यापीठातून आलात की पौडला चष्म्याचं दुकान काढणार, असं गावाला अजून वाटतं. मी सांगून दमले, की प्रकाशाचं शास्त्र म्हणजे नुसते चष्मे नव्हेत; दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, कॅमेऱ्याची भिंगं, सगळं त्यात येतं. "मग नोकरी कुटं?" असं शेजारचे हैबतराव विचारतात, तिथं मी म्हशीचा विषय काढते. तुम्हीच लिहिलं होतंत, हे शिकलेल्याला काम देणारी ठिकाणं देशात बोटांवर मोजण्याइतकी, आणि पुण्यात आशा नाही.

आता मुख्य गोष्ट. तीनदा लिहायला घेतली आणि भलतंच लिहीत बसले.

सोबतचं इंग्रजी पत्र तुमचं आहे. अर्जावर तुम्ही कायमचा पत्ता म्हणून घरचा दिलात, त्यामुळे ते ३० डिसेंबरला इथं आलं. मी शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. देहरादूनला दुर्बिणींच्या सरकारी कारखान्यात मुलाखत आहे, २० जानेवारीला. मास्तरांना म्हटलं, मीच कळवते. आणि पत्र भाताच्या कणगीत खुपसलं. ते आठ दिवस तिथंच होतं.

का, ते सांगते. जाताना म्हणाला होतात, दोनच वर्षं. त्या शब्दावर मी दिवस काढले. देहरादूनची नोकरी म्हणजे दोन वर्षं नव्हेत, जन्म. आणि तुमच्या एकाही पत्रात 'तू ये' असं नाही. भाताची चौकशी, म्हशीची चौकशी. मला राग येणार नाही तर काय होईल?

परवा दुपारी पत्र घेऊन अंगणात बसले. ऊन ठिपक्याएवढं होईपर्यंत भिंग कसं वर-खाली करायचं, हे तुम्हीच लिहून शिकवलंत. ठिपका बरोबर कोपऱ्यावर पडला. कागद तपकिरी झाला, धूर आला, आणि एकदम मनात आलं, हे भिंग यांनी महिनाभर हातानं घासलंय. मी हात बाजूला घेतला.

वासानं सासूबाई बाहेर आल्या. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता बोलतील. त्या कोपऱ्याकडे बघत म्हणाल्या, "कोपरा गेलेलं पत्र मयताचं आसतं. आदी कुकू लाव त्याला, आन् धाड. लांबचं बघायलाच शिकतोय ना त्यो? मग आपल्याला बी बघंल."

म्हणून दुसऱ्या कोपऱ्याला हळदकुंकू आहे. घाबरू नका, सगळे जिवंत आहोत. भिकूभावोजी आजच पुण्याला जाऊन पाकीट एक्सप्रेस टपालानं टाकतील, मुलाखत गाठाल. तिथं कोणी डागाबद्दल विचारलं तर सांगा, बायकोनं भिंग तपासलं, पास आहे.

मला तुमची फार आठवण येते. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

देहरादूनला थंडी फार, असं मास्तर म्हणाले. जोतिबा धनगराकडे घोंगडी विणायला टाकली आहे. किती रुंद, म्हणून त्यानं विचारलं. मी दोघांपुरती सांगितली. एकट्याला ती फार मोठी होईल, तेवढं ध्यानात ठेवा.

बोलावण्याची वाट पाहणारी,
तुमची
तुळजा