फर्स्ट बेसवरून डावीकडे

सर,

परवा शहाद्याला तुमच्या स्मरणार्थ मुलींचे सॉफ्टबॉलचे सामने झाले. आधी तुमच्या फोटोला सगळ्यांनी हार घातले, मी नाही घातला. कोणीतरी म्हणालं, मॅडमना घाई आहे. घाई कसली डोंबलाची, राग आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो दर सीझनला वाढतोच, कारण या जिल्ह्यातले निम्मे पीटीचे मास्तर तुमच्या हाताखाली शिकलेत आणि तुमची चूक जशीच्या तशी पुढे वाटत बसलेत.

तळोद्याचं ते मैदान आठवतं? मी डोंगरातल्या आश्रमशाळेतली, घरी पावरी बोलणारी, तुमचं बोलणं मला अर्धंच कळायचं. पायात काही नाही. विभागाच्या संघाची निवड त्या दिवशीच्या खेळावर होती. मी चेंडू मारते, जीव खाऊन पळते, चेंडू पोहोचायच्या आत फर्स्ट बेस ओलांडते. उजवीकडे रेषेपलीकडे नुसते सराटे पसरलेत. अनवाणी तिकडे कोण जाईल? मी डावीकडे, मैदानात वळले आणि चालत बेसकडे परत निघाले. तेवढ्यात फर्स्ट बेसवालीने मला चेंडू लावला. अंपायर कोण, तर तुम्ही. डावीकडे वळली म्हणजे सेकंड बेसला निघाली, आणि निघालेलीला चेंडू लागला की ती बाद, म्हणालात, आणि आऊट दिलंत. मी कुठे निघाले होते हो? काटे चुकवत होते. माझ्या तोंडून मराठी फुटेना, मी नुसते पाय दाखवले. तुम्ही पायांकडे बघितलंत, अगदी नीट बघितलंत, आणि म्हणालात, "नियम म्हंजे नियम शे, पोरी."

संघ माझ्याशिवाय गेला. माझ्या जागी गेलेली आज खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात आहे आणि मी अजून कंत्राटावर पीटी शिकवते. काही दिवसांनी तुम्ही आमच्या शाळेत आलात, पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन. सगळे म्हणाले, सर किती मायाळू. माझं मात्र ते बूट बघूनच डोकं फिरलं. म्हणजे मी का वळले ते तुम्हाला कळलं होतं. कळूनही निकाल फिरवला नाहीत, बूट आणलेत. मी ते फाटेपर्यंत घातले, दुसरे होते कुठे? पण मला बूट नको होते, सर.

आणि नियम तरी कुठे तसा होता? अंपायरच्या परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. मी तुम्ही शिकवलेलं उत्तर लिहिलं आणि नापास झाले. तेव्हा कळलं, फर्स्ट बेस ओलांडल्यावर धावणारी कुठल्याही बाजूला वळो, सेकंडकडे जायचा प्रयत्न न करता सरळ परत आली तर ती सेफ. घरी येऊन मी तुमच्या नावाने बोटं मोडली. तुम्ही तोवर गेला होतात. भांडायलासुद्धा थांबला नाहीत.

परवा फायनलला मी अंपायर होते. नवापूरकडची एक बारकी पोर फर्स्ट बेस ओलांडून डावीकडे वळली आणि परत येताना तिला चेंडू लावला. मी सेफ दिलं. समोरचा कोच तरातरा आत आला, माझ्याहून मोठा, तुमचा लाडका. "मॅडम, सरसनी आमले हाईच शिकाडेल शे." मी म्हटलं, सरांनी चुकीचं शिकवलं. मग त्याने सामना अडवून धरला, पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत असंही ऐकवलं. नका बोलावू. निकाल मी बदलला नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? टाकणार नाहीच. पण एक गोष्ट त्या कोचला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. पोरीला चेंडू लागला तेव्हा, डोक्यात काही यायच्या आधीच, माझा उजवा हात मूठ वळून आऊटसाठी खांद्यापर्यंत गेला होता. मी तो खाली ओढला आणि सेफसाठी दोन्ही हात पसरले. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. पण ती माझ्या हाताकडेच बघत होती. मान खाली घालून ती बाहेर निघालीसुद्धा होती. मला तिला हाक मारून परत बोलवावं लागलं.