मेणाची वडी

४ जून

चि. ठिणग्यास,
अनेक आशीर्वाद.

आपण तिघं भावंडं म्हणजे उत्तर न मिळालेली माणसं. आईचं आतडं कापलं, आई गेली, आणि का गेली ते कुणी सांगितलं नाही. तो राग माझ्याही पोटात आहे. पण काल हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तू काय करून बसलास? काच फोडलीस, तंत्रज्ञाचं तोंड टेबलावर आपटून दोन दात पाडलेस. पोलीस घरी येऊन गेले. दादा अंथरुणातून विचारतोय, कुणाचं रक्त सांडलं म्हणून. आणि त्याच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा ज्यात जपला होता ती मेणाची वडी गायब आहे. तुझ्याकडे आहे का, तेवढं कळव.

लोभ आहेच, आज दातओठ खाऊन आहे.
तुझी ताई

७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वडी माझ्या दुकानात, बर्फाच्या पेटीत आहे. मी खाटीक आहे. सुरी कशी चालते ते मला शिकवू नकोस. तो माणूस शीळ घालत दादाच्या मांसाचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे काप काढत होता. विचारलं तर म्हणाला, उरलेलं आमच्याच कपाटात राहतं. मग हात थांबला नाही. दादाला मी कुणाच्या फळीवर ठेवणार नाही. शनिवारी वडी दुकानामागच्या भट्टीत टाकतो.

लोभ असावा. मारायचं असेल तर समोर येऊन मार.
तुझा ठिणग्या

९ जून

चि. ठिणग्यास,

आशीर्वाद मागाहून, आधी भट्टी विझव!

मी दादाच्या डॉक्टरीणबाईंचं टेबल ठोकून जाब विचारला. त्या म्हणाल्या, त्या कापांवर गाठीची खूण शोधतात, तिला बायोमार्कर म्हणतात. खूण सापडली, तर शरीराच्याच शिपायांना गाठीवर सोडणारं औषध देता येईल. नसली, तर ते औषध बहुधा फुकट जाईल आणि दादाचे दिवसही. केमो हरलीय, परवा त्याला रक्ताची उलटी झाली. नवा तुकडा काढायला पुन्हा कापलं, तर तो टेबलावरून उठणार नाही. ही एकच वडी उरली आहे. आईच्या वेळी असा काप कुणी पाहिलाच नाही. दादाचं उत्तर तुझ्या पेटीत, बोकडाच्या फऱ्यांखाली पडलंय, आणि तू ते जाळायला निघालास! शहाण्या, सुरी तुझ्या एकट्याचीच का धारदार?

आपला लोभ टिकावा असं वाटत असेल, तर उद्या सकाळी दहाला वडी घेऊन लॅबमध्ये जा, ज्याचे दात पाडलेस त्याच्याच हातात दे, आणि त्याला कापू दे.

ताई