पाणी सव्वीसच्या वर जाता कामा नये

६ एप्रिल १९८६, रविवार
रोजनिशी सुरू. राग डोक्यात मावत नाही म्हणून.
काल बी शिफ्टमध्ये नव्या ऑपरेटरने मीटर न पाहता रीडिंग लिहिलं. सलग चार तास एकच आकडा. विचारलं तर म्हणतो, तेवढंच तर राह्यते ना सर. सगळ्यांसमोर सोलून काढला. न पाहता आकडा लिहिणं ही चोरी आहे. पॉवर हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये बारा वर्षं काढली, हे पाप कधी केलं नाही.
घरी आलो तर बैठकीत समुद्र. प्रेमिलाचा भाऊ बळीराम मुंबईच्या गोदीत आहे. मला न विचारता काचेची टाकी, समुद्राच्या पाण्याचे कॅन, एक दगड, दगडावर फुलासारखं हलणारं जनावर आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणून ठेवले. वर सांगून गेला की भाऊजी, पाणी सव्वीस डिग्रीच्या वर गेलं की मासे मेले समजा. नागपूरला. उन्हाळ्यात. याला भूगोल कोणी शिकवला?
हरकत नाही. दोनशे मेगावॅटचं युनिट बोटावर नाचवतो. ही तर पाण्याची पेटी.

८ एप्रिल
बाबांनी माशांचं बारसं केलं. मोठा नत्थू. गिरणीत बाबांच्या शेजारच्या मागावर एक नत्थू होता, तोही म्हणे एका जागी उभा राहत नसे. लहान ती गोपिका. मादी कशावरून, विचारलं. म्हणाले, दिसते गा.
बाबा चौतीस वर्षं मागावर होते. दिवसातून दहादा टाकीत हात घालतात. तळहात नाही, हाताची मागची बाजू. गिरणीत सुताची ओल अशीच पाहायचे म्हणे. हे चालणार नाही. थर्मामीटर लावलं, लॉगबुक आखून दिलं. मी ड्यूटीवर असताना दर तासाला रीडिंग बाबांनी लिहायचं. पाणी २६ पाहिजे, हे तीनदा समजावलं. बरं म्हणाले.

१३ एप्रिल
इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये जागा निघाली. इंटरव्ह्यू २६ मे. ही जागा माझी आहे. पाच वर्षांपूर्वीही माझीच होती, पण शेजारच्या क्वार्टरमधल्या रुपरावला मिळाली, जो माझ्यानंतर नोकरीला लागला.
या वेळी पुरावा देणार. टाकीला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लावणार. कंट्रोलरला टेबल फॅन जोडणार, वारा पाण्यावर. माणसाचा हात नको. सेक्शनच्या साहेबांना सायकल स्टँडवर गाठून सांगितलं. म्हणाले, इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी येऊन पाहतो.
संकल्प: महिनाअखेर कंट्रोलर. संकल्प दोन: चिडायचं नाही.

२० एप्रिल, रविवार
चिडलो.
हिंगण्याला गेलो होतो. कवडू नावाचा माणूस शेडमध्ये कंट्रोलरचे डबे बनवतो. पत्र्याचा डबा, वरून हिरवा ऑइलपेंट. बसायला दिलं आणि पहिलाच प्रश्न: पाणी गरम करायचं हाये का थंडं? अरे, कंट्रोलर म्हणजे कंट्रोलर. पाणी कंट्रोल करायचं आहे. असले बालिश प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात मी मासे देऊ? चहा अर्धा सोडून उठलो.

२७ एप्रिल, रविवार
घेतला. सदर बाजारातल्या एका दुकानातून. परदेशी माल. काळा, गुळगुळीत, पुढे डायल, लाल दिवा. दुकानदाराने एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाला, साहब, आप तो खुद जानकार हैं. माणसं ओळखणारा माणूस.
जोडला. डायल २६ वर. टकन आवाज झाला, दिवा विझला, पंखा बंदच राहिला. म्हणजे पाणी आत्ताच ठीक आहे. केवढी समज आहे मशीनला.
प्रेमिलाला बोलावून दाखवलं. म्हणाली, पंखा तं चालूनच नाही राहिला. तिला समजावण्यात अर्थ नाही.

३ मे
रुपराव आला. जयभीम घातला आणि थेट कंट्रोलरसमोर उकिडवा बसला, कोणी बोलावलं नसताना. म्हणाला, दादा, हा थंड्या देशातला डबा हाये, हीटरसाठी. पाणी गार पडलं का चालू होते, गरम झालं का बंद. म्हणून दुपारी तुमचा पंखा बंद पडून राहिला. दोन वायरी बदलून देतो, पाच मिनिटांचं काम.
डाव लक्षात आला. इंटरव्ह्यूला तीन आठवडे उरलेत आणि हा माझ्या मशीनच्या वायरी बदलणार. नमस्कार करून दारापर्यंत पोचवला.
लॉगबुक पाहिलं. २६, २६, २६. जळणाऱ्याने जळावं.

९ मे
बाहेर ४४. टाकी २६. हे कोण करू शकतं कॉलनीत?
पण घरातच शत्रू. बाबांनी टाकीला तिन्ही बाजूंनी ओलं गोणपाट गुंडाळलंय. वर माठातल्या पाण्याने अर्धा भरलेला, झाकण लावलेला पितळी गडू तरंगत असतो. लाखमोलाची टाकी, आणि दिसतंय काय, गोणपाट. दिवसभर प्लास्टिकचा मग घेऊन त्यावर पाणी शिंपत बसतात. बाबा, मशीन आहे ना, म्हणालो. म्हणाले, राहू दे ना गा, मशीनले बी आराम.
फार बोललो मी त्यांना. नको होतं इतकं बोलायला. पण चूक त्यांची.

१५ मे
सी शिफ्ट करून सकाळी आलो तर पंखा जोरात फिरत होता. पहाटेच्या गारव्यात! मशीन दिवसभराची तयारी पहाटेच करून ठेवतं. इंटरव्ह्यूत हा मुद्दा सांगायचा.

२१ मे
बाबा बुद्धजयंतीसाठी पवनीला तुळसाआत्याकडे गेले. दहा दिवस. निघताना गोणपाट, गडू, खिडकीचा पडदा, कधी काय, सगळं दोनदा सांगितलं. मान हलवली. एस.टी. सुटल्यावर घरी येऊन पहिलं काम केलं: गोणपाट सोडलं, गडू मांडणीवर. टाकी लख्ख दिसते. साहेबांना अशीच दाखवायची.
प्रेमिला म्हणाली, मामंजींनी सांगतलं ते तं ऐकाचं होतं. घरात मी सोडून सगळेच इन्स्ट्रुमेंट सेक्शनचे आहेत.

२२ मे
बाहेर ४६. पंखा दिवसभर बंद. म्हणजे पाणी थंड. उत्तम.
थर्मामीटर ३३ दाखवतंय. बिघडलं. कंट्रोलर परदेशी, थर्मामीटर फुटपाथवरचं. विश्वास कोणावर ठेवायचा हे उघड आहे. लॉगबुकात २६.

२३ मे
दोन्ही मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत. मोकळं वाटत असणार गोणपाट काढल्यावर. दगडावरचं फूल मिटलंय. झोपेची वेळ असेल. थर्मामीटर ३४. पार कामातून गेलं. २६.

२४ मे
नत्थू गेला.
पाण्याला वास. फुलाची चिकट लाळ झाली आहे. बळीरामने आजारी मासा दिला. दुकानदार चोर. थर्मामीटर चोर. लॉगबुकात तरीही २६. पंखा उचलून अंगणात फेकला, जाळी वाकली.
प्रेमिलाने मोरीजवळच्या रांजणातलं पाणी उपसलं. रिकाम्या रांजणात कॅनमधलं उरलेलं समुद्राचं पाणी ओतलं. खाली ओली रेती, बाहेरून बाबांचं गोणपाट. गोपिकेला वाटीत धरून आत सोडलं. टाकीतली हवेच्या बुडबुड्यांची नळीही सोडली. बोलली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

२५ मे, रविवार
साहेब आले. टाकी रिकामी. मेंटेनन्स चालू आहे, सांगितलं. काल मासा मेला, प्रेमिलाने चहा ठेवता ठेवता सांगून टाकलं. लॉगबुक पुढे केलं.
साहेबांनी पानं उलटली. कंट्रोलर कधी बसवला, विचारलं. २७ एप्रिल, म्हणालो, ताठ उभं राहून. साहेब म्हणाले, मग आठ एप्रिलपासूनच २६ कसं? आणि काल तर मासा मेला, कालही २६?
साहेबांनी वही मिटून परत दिली. चहा पूर्ण प्यायले. ओरडले असते तर चाललं असतं. जाताना म्हणाले, मीही कंट्रोल रूममधूनच वर आलोय.

२७ मे
काल इंटरव्ह्यूला गेलो नाही. तब्येत.

१ जून, रविवार
बाबा आले. दारातूनच विचारलं, नत्थू कसा हाय. प्रेमिला आत निघून गेली. सांगावं लागलं.
बाबा चप्पल न काढता खाली बसले. काहून काढलं गा गोणपाट, एवढंच म्हणाले. साहेब येणार होते, म्हणालो. हे वाक्य मोठ्याने ऐकल्यावर कसं वाटतं ते आज समजलं.
मग चिडलो. इथे खरं लिहितो. प्रवासातून दमून आलेल्या म्हाताऱ्यावर ओरडलो. की दीड महिना वहीत २६ लिहिलंत, थर्मामीटर एकदा तरी पाहिलं होतं का?
बाबा म्हणाले, त्या बारीक रेघा मले कुठं दिसतेत. हात लावू. गरम लागलं तं गोणपाट भिजवू, गडू सोडू. हाताले बराबर लागलं का मंग लिहू. तू सव्वीस म्हणला, म्हणून सव्वीस.
मी वही उघडून आठ एप्रिलपासूनचे सगळे २६ पाहिले.
संध्याकाळी बाबांनी मला रांजणाशी नेलं. आत अंधार. गोपिका आहे म्हणतात, दिसत नाही. बाबा म्हणाले, मी काही तुले जन्मभर पुरून राहिलो का, तूच शीक आता. हात घाल, मागची बाजू, अन् सांग.
हात घातला. बराच वेळ ठेवला. गार आहे की गरम, मला काही ठरवता येईना. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते.
बरोबर आहे, म्हणालो.
वहीत २६ लिहिलं आणि सही केली.