सासूबाई आणि आडवा वारा

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (पाठ अजून वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात घातलाय असं समजा.) तुमची प्रकृती ठणठणीत असेलच. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, विमान सोडून.

आधीच सांगतो, आईंना खरचटलंसुद्धा नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुमच्या आईंनी विणकाम हाती घ्यावं अशी आपली सगळ्यांची इच्छा होती. त्यांनी विमान हाती घेतलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण फ्लाइंग क्लबातलं ते दोन सीटांचं जुनं विमान तुम्ही पाहिलेलं नाही. नाकाखाली चाक असलेली विमानं जमिनीवर नाकासमोर चालतात. ह्याचं तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे जरा दुर्लक्ष झालं की शेपूटच पुढे जायला बघतं. (आमच्या ऑफिसातही अशी माणसं आहेत, पण ते असो.)

रविवारी मी मागच्या सीटवर होतो. परतताना वारा उठला, तोही धावपट्टीला अगदी आडवा. उतरायला गेलो तर विमान शेजारच्या गवताकडे सरकायला लागलं. आईंनी पुन्हा वर घेतलं. दुसऱ्यांदाही तेच. मी म्हटलं, "आई, वारा पडेपर्यंत वरच थांबू या का?" त्या म्हणाल्या, "पेट्रोल संपलं की वाऱ्याला न विचारताच खाली जाऊ. गप्प बसा."

तिसऱ्यांदा मात्र काय उतरवलं म्हणून सांगू! वारा डावीकडून, म्हणून डावा पंख झुकवून आधी डावं चाक टेकवलं, मग उजवं, मग शेपूट. झोपलेलं बाळ अंथरुणावर ठेवावं तसं. मी टाळ्या वाजवल्या. (विमान अजून धावत होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.) वेग कमी होत आला, तेवढ्यात वाऱ्याच्या एका झोताने शेपूट ढकललं आणि आम्ही गर्रकन फिरलो. उजवं चाक मोडलं, उजवा पंख जमिनीवर खरडत गेला आणि थांबलो तेव्हा आमचं तोंड आलो त्या दिशेला. आईंनी पेट्रोल आणि स्विच बंद केले आणि मला पट्ट्यातून सोडवून बाहेर खेचलं.

क्लबचे शिक्षक धावत आले. म्हणाले, "वाराच वाईट होता." आई म्हणाल्या, "वारा आपलं काम करत होता. चाकं टेकल्यावर मी शेपूट वळवणाऱ्या पेडलांवरचे पाय सैल सोडले. उतरलो असं मला वाटलं, विमानाला नव्हतं वाटलं." दादा, मी साहेब झाल्यापासून इतकी सरळ कबुली ऐकलेली नाही, दिलेली तर नाहीच.

जेवताना टेबलाखाली त्यांचे पाय नसलेली पेडलं दाबत होते. आणि सकाळी आम्ही उठायच्या आत त्या मेकॅनिककडे हजर, पंख कधी बसणार हे विचारायला.

तुमचा (अजून अखंड) मेहुणा

ता. क. विमान आता पुरे, असं तुम्ही आईंना खडसावून लिहावं. त्या तुमचंच ऐकतात.

ता. क. २. वरचं तुमच्या बहिणीने शेजारी उभं राहून लिहून घेतलं. ती आता आत गेली आहे. तसलं काही लिहू नका. पंख बसला की तुम्हीही या, डोळे भरून बघा. फक्त मागची सीट मागू नका. ती माझी आहे.