फोटोतला हात

ग्लेन वेव्हर्ली, मेलबर्न
रविवार, १४ एप्रिल १९८५

प्रिय पद्माआत्या,

तुला आणि आप्पांना नमस्कार. आधीच सॉरी म्हणते, कारण ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकणार आहे. मराठी मी दुसरीपर्यंतच शिकले, पुढचं आईने घरी शिकवलं तेवढंच. आणि हे टायपिंगचं मशीन बाबांच्या मंडळाचं आहे, त्यांनी पुण्याहून आणलेलं. एका बोटाने मारते. 'ळ' दाबला की तो वरच अडकून बसतो, मग हाताने खाली ओढावा लागतो. पण माझं अक्षर त्याहून वाईट आहे, तुला माहितीये.

इकडे थंडी सुरू झालीय. ईस्टरला बेकरी बंद होती, मी नुसती झोपले. आईचा गुडघा बरा आहे. बाबा मंडळाच्या मीटिंगला गेलेत म्हणून मशीन मोकळं मिळालं.

तुझं पत्र वाचलं. तू लिहिलंस की बाबांनी पाठवलेला फोटो तू फ्रेम करून शोकेसमध्ये ठेवलास, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतेस, की आमची मधू इतकी लाजरी, पण बघा, सगळ्यांच्या आधी तिचा हात वर. मला ते वाचून कसंतरीच झालं. 

शाळेचं पण विचारलं होतंस. शाळा मी यर टेननंतर, म्हणजे दहावीनंतर, सोडली. वर्गात उभं राहून बोलायला लागलं की माझा घसा बंद होतो. इथे सारखं उभं राहून बोलायला लावतात. बाबा लोकांना सांगतात की मधू सध्या ब्रेक घेतेय. मी ओकलीला एका लेबनीज माणसाच्या बेकरीत चपटे पाव पॅक करते. गरम पाव फुगून येतो, पट्ट्यावर चालत चालत बसतो, आणि मग आपण तो पिशवीत भरायचा. बोलावं लागत नाही. मला आवडतं.

माझ्या बाजूला एक बाई आहे, चाळिशीची असेल. तिचं खरं नाव मी लिहिणार नाही. पत्रात तिला लिलियन म्हणते. ती सिरियाची. मी बोलत नाही म्हणून पहिल्या आठवड्यात तिने माझ्याशी बोलायला सुरुवात केली, असं तीच हसत सांगते. मला तिने थर्मासमधला चहा दिला, मी तिला आईचा लाडू दिला. ती म्हणाली, ही गोळी कशावर घ्यायची? तेव्हापासून मैत्री.

आता फोटोचं. तुला माहितीये, मी लहान असताना बाबा दोन वर्षं सिरियात सिमेंटच्या कारखान्याच्या कामावर होते. तिथल्या अध्यक्षांना, असदसाहेबांना, त्यांनी एकदा लांबून पाहिलं, तेव्हापासून आमच्या घरी त्यांचं कौतुक. जेवताना पण. म्हणून तर बाबांनी ते भारत-अरब मैत्री मंडळ काढलं. त्याचे अध्यक्ष बाबाच, पहिल्या दिवसापासून. दरवर्षी बाबांचे मित्र माधवकाका त्यांचं नाव सुचवतात, कोणीतरी अनुमोदन देतं, टाळ्या होतात, झालं. लोक वड्यांसाठी येतात.

फेब्रुवारीत सिरियात परत मत घेतलं. एकच नाव, असदसाहेबांचं. हो किंवा नाही. शंभर टक्के हो आलं. आधी नव्व्याण्णव होतं, मग नव्व्याण्णव पॉइंट नऊ, आता शंभर. बाबांनी पेपरमधली दोन ओळींची बातमी कापून फ्रिजवर लावली. मी म्हटलं, शंभरातली शंभर माणसं कधी एकसारखं म्हणतात का? आपल्या घरात तिघं आहोत तर टीव्ही कुठला लावायचा ठरत नाही. बाबा म्हणाले, "तुला राजकारण कळत नाही, तू पाव भाज."

मग ठरलं की मंडळाने अभिनंदनाचा ठराव करायचा. सिडनीहून असदसाहेबांच्या बाजूचा एक सिरियन पाहुणा येणार होता, कुठल्याशा क्लबचा सेक्रेटरी. बाबांना वाटत होतं की हे नीट झालं तर आई-बाबांना दमास्कसला सरकारी पाहुणे म्हणून बोलावतील. तिकिटासकट. आई म्हणाली, मला सांगलीचं तिकीट काढून द्या, तेवढं पुरे.

भाषण मीच टाइप केलं, म्हणून पाठ आहे. डोंगरातल्या गरीब घरातला मुलगा, विमान चालवायला शिकला, एअरफोर्समध्ये चढत गेला, संरक्षणमंत्री झाला, सत्तर साली देश हातात घेतला, एकाहत्तरपासून अध्यक्ष, रस्ते, धरण, शाळा. खोटं काही नाही त्यात. पण संरक्षणमंत्री असतानाच ते इस्राएलशी युद्ध हरले आणि गोलानच्या टेकड्या गेल्या, ते 'कठीण काळ' या दोन शब्दांत उडवलेलं. ज्यांच्याबरोबर वर आले त्या मित्रांना तुरुंगात टाकलं, त्याला बाबांनी लिहिलं होतं, 'पक्षाची दुरुस्ती'. आणि हामाचं नावच नव्हतं.

हामा हे लिलियनचं गाव. तीन वर्षांपूर्वी तिथे सरकारविरुद्ध बंड झालं, तर सैन्याने गावाला वेढा घातला आणि तोफा लावल्या. लोक किती गेले ते कोणी नीट सांगत नाही. तिचा भाऊ शिंपी होता. बंडात नव्हता. त्याला घरातून नेलं, पायात चपला पण घालू दिल्या नाहीत. तिची आई अजून तिकडेच आहे. तिची पत्रं येतात त्यात असतं, सगळे मजेत, तुझा भाऊ गावाला गेलाय. तीन वर्षं गावाला गेलाय. पत्र उघडून वाचतात म्हणून असंच लिहायचं. लिलियनने हे मला एकदाच सांगितलं, पट्ट्याचा आवाज चालू असताना, आणि म्हणाली, इथेही त्यांचे कान आहेत, माझं नाव तुझ्या तोंडून कधी निघालं तर त्रास माझ्या आईला होईल.

हे बाबांना माहीत नाही. माहीत नसलेलंच बरं.

कार्यक्रम मार्चमधल्या एका रविवारी अर्वोला, म्हणजे दुपारी, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. असदसाहेबांचा मोठा फोटो टेबलावर. बाबांनी पाहुण्याला शाल-श्रीफळ दिलं आणि मग फोटोला झेंडूचा हार घातला. आई माझ्या कानात म्हणाली, अगं बाई, जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला यांनी. पाहुण्याला काय कळणार, तो हसून मान हलवत होता. मला एरवी हसू आलं असतं. पण हॉलमध्ये तेलाचा वास, पाहुण्याचं सेंट, बाबांचा तो गोड झालेला आवाज, आणि ते शालीवरून हात फिरवत होते तसा कधी माझ्या पाठीवरून फिरवला नाही. मला शिसारी आली, आत्या. दुसरा शब्द नाही.

ठरावाला अनुमोदन मी द्यायचं ठरलं होतं. दोनच वाक्यं. बाबांना वाटलं मुलगी धीट होईल आणि पाहुण्याला तरुण पिढी दिसेल. माझं नाव पुकारलं, मी उठलेच नाही. मान खाली घालून बसले. माधवकाका म्हणाले, आमची मधू लाजते, मीच देतो. हशा झाला. मग त्यांनी विचारलं, अनुकूल? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे हात कोण वर करतं, टाळ्याच वाजवतात. मग कागद आवरता आवरता ते म्हणाले, प्रतिकूल? ते नेहमीच असं विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत.

मी उभी राहिले आणि हात वर केला.

आत्या, फोटोतला हात तो आहे. तो नाहीचा हात आहे. बाजूला बाबांचा हात वर दिसतोय ना, तो मत द्यायला नाही. ते मला खाली बस, खाली बस करत होते. फोटोवाल्या विश्रामकाकांनी इतक्या वेळात पहिल्यांदा हात वर झालेले पाहिले आणि काढला फोटो.

माधवकाका थांबले. म्हणाले, "काय गं, बाथरूमला जायचंय?"

सगळा हॉल हसला. पाहुणा पण हसला, त्याला मराठी येत नाही तरी. सगळे माझ्याकडे बघत होते. मी का नाही म्हणतेय ते सांगायला लागले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कोणी सांगितलं? अख्ख्या हॉलमध्ये सिरियन बाईबरोबर काम करणारी मी एकटीच. मी म्हटलं, हो. आणि बाहेर गेले. बाथरूमच्या दारात उभी असताना आतून ऐकू आलं, ठराव एकमताने मंजूर.

गाडीत बाबांनी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं? बेकरीत कोणी बोललं का?"

मी म्हटलं, मला खरंच बाथरूमला जायचं होतं.

त्यांनी आरसा नीट केला. मग म्हणाले, "असू दे. तुझ्यामुळे फोटो झकास येणार." आणि शीळ घालायला लागले. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

तोच फोटो मंडळाच्या अंकात छापला, पाहुण्याने सिडनीला नेला, तुला आला. आमच्या मालकाला पण कोणीतरी दिला. तो काही असदसाहेबांच्या लोकांतला नाही, पण त्याला कोणाशीच वाकडं नकोय. त्याने तो काउंटरच्या मागे लावला. सोमवारी लिलियनने पाहिला. तिने मला चहा दिला नाही. दिवसभर माझ्या बाजूला उभी राहून पाव भरत होती आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला बोलता येईना. शिफ्ट संपल्यावर मी तिच्या मागे पार्किंगपर्यंत पळत गेले आणि एका दमात सगळं सांगितलं, हात, हार, बाथरूम, सगळं. एवढं मी इंग्लिशमध्ये आयुष्यात कधी बोलले नव्हते.

तिने फक्त विचारलं, "माझं नाव?"

मी म्हटलं, "नाही घेतलं. कोणाकडेच नाही."

तिने माझे दोन्ही हात धरले, पिठाचे होते तसेच. मी म्हटलं, मी उद्या मालकाला खरं सांगते, फोटो काढायला लावते. तर ती म्हणाली, "नको. राहू दे. तुझा हात हो म्हणतोय तोवर माझ्याकडे कोणी बघणार नाही."

म्हणजे बघ. मी नाही म्हटलं ते हो झालं, आणि आता ते होच राहायला हवं. रोज सकाळी ॲप्रन बांधताना मला काउंटरमागे मी दिसते, त्यांच्यासाठी हात वर करून उभी. बाबा ओळखीच्यांना मुद्दाम पाव घ्यायला पाठवतात, ते फोटो बघतात आणि मला शाबास म्हणतात. मी थँक्यू म्हणते. आणि बाबांच्या ताटात वाढताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

इथला फोटो मी काढू शकत नाही. तुझा काढू शकतेस तू. तुझ्या सांगलीत कोणाचे कान नाहीत. बाबांना काही लिहू नकोस, मला पण यातलं काही परत लिहू नकोस, इकडे माझी पत्रं बाबाच उघडतात. कोणी विचारलं तर सांग, काच फुटली. फ्रेम चांगली असेल तर त्यात आजीचा फोटो लाव. निदान एका घरात तरी मी हो म्हटलेलं नसू दे.

तुझीच, आणि फोटोतली नसलेली,
मधू

ता. क. आईला ड्रायव्हिंगचं लायसन्स मिळालं. पाचव्या टेस्टला.