तुझ्या खोलीची खिडकी

गोंदिया, ४ जानेवारी

प्रिय रुची,

गेल्या सोमवारी सकाळी मी तुझ्या आजीला दोन्ही हातांवर उचलून अंगणात आणलं. चहा द्यायला तिच्या खोलीत गेलो होतो. हाका मारल्या तरी ओ नाही, डोळे अर्धे उघडे, मान कलंडलेली. बाहेर थोड्या वेळानं ती ओकली आणि मला म्हणाली, "मले कायले थंडीत आणून टाकलास रे? मारतोस का?" तेवढं ऐकून मी मनातल्या मनात महादेवाला हात जोडले. फोनवर आईनं तुला पित्त सांगितलं. ते पित्त नव्हतं.

आधी घराचं चांगलं सांगतो. मे महिन्यात अख्खी गल्ली कूलरपुढे बसलेली असताना आपण साध्या पंख्यावर राहिलो. तुझ्या त्या हलक्या विटांच्या भिंती, दुहेरी काचेच्या रबर लावलेल्या खिडक्या, पांढरं छत, सगळं तू म्हणालीस तसंच निघालं. लोक घर बघायला यायचे आणि मी दारात उभा राहून सांगायचो, पोरीनं बांधलं.

पण दिवाळीनंतर थंडी पडली आणि आजीचं डोकं धरू लागलं. सकाळी सुस्त, दुपारी उन्हात बसली की बरी. दवनीवाड्याच्या आपल्या जुन्या घरी आठवडाभर राहिली तर ठणठणीत. परत इथं आली की तेच. शेजारच्या सुमित्राबाई एकदा दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, हे घर तुमाले लाभून नाही रायलं." त्यानंतर त्या आत यायच्या बंद झाल्या. तुझ्या आईला एकटीला त्या खोलीत जायला नको वाटू लागलं. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना माझीसुद्धा त्या खोलीकडे पाठ करायची हिंमत होईना. तुझ्या हातच्या घरात काही वाईट शिरलं असेल, हा विचार बापाला किती जड जातो ते तुला कसं सांगू?

म्हणून शांती केली. हवन आजीच्याच खोलीत. धूर कोनाकोपऱ्यात फिरावा म्हणून पंडितजींनी खिडकी लावून घेतली. उठताना त्यांचाच तोल गेला. बाहेर येऊन घाम पुसत म्हणाले, "भैया, बड़ा भारी दोष है." त्यानंतर आजी आणखीच खचली आणि मग तो सोमवार उजाडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी एकच विचारलं, खोलीत काही जाळता का? तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजीच्या बाजेखालची गोरसी आली. जन्मभर ती मातीच्या गोरसीत निखारे घालून झोपत आली. पण दवनीवाड्याला कौलांतून वारा यायचा. इथं तू ताजी हवा आत घेणारा छोटा पंखा भिंतीत बसवलास, तर तिनं त्यातून थंडी येते म्हणून तो बंद करून जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला होता. डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांच्या त्या वायूला वास नाही, रंग नाही. माणूस झोपतो आणि झोपूनच राहतो.

मी घरी येऊन सगळं समजावलं. आजी म्हणाली, "तुले गोरसीनंच शेकलं होतं ना मी? मेलास का तू?" मी बोळा काढला, संध्याकाळी तो पुन्हा जागेवर. गोरसी फोडली, तर सुमित्राबाईंनी त्यांची आणून दिली. दोष नाही, साधा वायू आहे म्हटल्यावर त्यांची भीती गेली होती ना! वायूला कोण भितो?

आता खरी गोष्ट. आजी त्या खोलीतून हलली आहे, कारण खोली तुझ्यासाठी ठेवली आहे. सगळ्यांत उबदार तीच, म्हणून. तुझी बाज पडली आहे, पाळण्याचा हूक बसला आहे, कोळशाचं पोतं आलं आहे. सुमित्राबाई शेकायला येणार. "बाळंतीण अन् लेकरू गोरसीबिगर? लोक काय म्हनतील?" असं त्या म्हणतात आणि तुझी आई मान डोलावते. तिथं निखारे असतील, दार लावलेलं असेल, आत तू आणि तुझं तान्हं. आणि बाळंतिणीच्या खोलीत आपल्याकडे पुरुष पाय ठेवत नाही. बोळा काढायला मी आत येऊ शकणार नाही. दारावर कान लावून बसलो तरी आतली झोप कोणती, हे मला कळणार नाही.

आज सकाळी पूजा आटोपून मी चैतराम मिस्त्रीला बोलावलं. तुझी दुहेरी काचेची खिडकी चौकटीसकट काढली. तिथं खालपासून वरपर्यंत सिमेंटची जाळी बसवली. समोरच्या भिंतीत छताखाली आरपार तसंच दुसरं भोक. ना काच, ना झडप. घरातली सगळी लुगडी आणली तरी ते बुजणार नाही. खोली गार पडली आहे आणि सकाळपासून तुझी आई माझ्याशी बोललेली नाही. फेब्रुवारीत तुझ्या ऑफिसचे लोक हे घर बघायला येणार आहेत, त्यांना आधी तेच दिसेल. त्यांना सांग, बापाला काही कळत नव्हतं. फोनवर तू मला थांबवलं असतंस, म्हणून काम उरकल्यावर लिहितो आहे. तुझं घर मी फोडलं, रुची. आता बाळंतपणाला ये.

तुझाच,
बाबा