मेंढराची चाल

अंथुर्णे, पौष, मंगळवार, १९५६.

सूनबाई, मी सांगते ते वहीत उतरवतेस, त्यात वार लिहिलास का? काल विसरलीस. उद्या वाचून दाखवताना पुन्हा मलाच विचारशील.

माझी लेक तानी रोज सकाळी ओकायची, तेव्हा मीच तिला चिडवलं, "पाळणा टांगू का गं?" जळो माझं तोंड. मग परवा अंगणात ती डावीकडंच कलत चालली आन् मला आपली मेंढरं आठवली. डोक्यात फोड झालेलं मेंढरू तसंच एका अंगाला फिरतं.

आज बारामतीच्या डॉक्टरला हेच सांगितलं. तो हसला. "आजी, डॉक्टरकी कुठं शिकलात?"

"मेंढरांमागं."

मग त्यानं तिच्या डोळ्यांत बत्ती धरून पाहिलं, आन् त्याचं हसणं थांबलं. म्हणाला, मेंदूत गाठ असावी, असली क्वचितच होते, मुंबईला कवटी उघडल्यावरच खरं कळंल.

येताना गाडीत तानीनं विचारलं, "आई, ती मेंढरं जगायची का गं?"

"व्हय की," म्हटलं. एकबी जगलं न्हवतं. डावीकडं कलताना पाहिलं तेव्हाच मी का बोलले न्हाय?

जावईबापू उद्या तिला मुंबईला नेतायत. संगं दहीभात पाठव. भाकरी नको, घास तिच्या गालात अडकतो.